काडीपेटी बाहेर, कॉम्प्युटर आत

काल पहिल्या वेच्याचा कापूस घरी आला. बंडी अंगणात उभी राहिली, बाबांनी गाठोडी एकेक करून ओसरीत टाकली, आणि तो वास सुटला. सरकीच्या तेलाचा, वाळल्या पाल्याचा, उन्हात तापलेल्या धुळीचा. आमच्या रोहण्यात दिवाळीच्या आगंमागं हा वास घरोघरी असतो. लोकांना तो बरकतीचा वाटतो. माझी माय पहिल्या गाठोड्यावर हळद-कुंकू वाहते. माझा हात मात्र त्या वासानं आपोआप जवळच्या भिंतीकडे जातो.

कापूस घरात आला की आमच्याकडे आग घराबाहेर जाते. हा मायचा कायदा. ओसरीच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा आहे. येणाऱ्यानं खिशातली काडीपेटी, लायटर, बिडीचा कट्टा तिथं काढून ठेवायचा, मगच उंबरा ओलांडायचा. सोयरा असो की तलाठी. देवाचा दिवासुद्धा त्या दिवसांत तुळशीपाशी मुक्कामाला जातो. चूल तर अंगणापलीकडच्या सैपाकाच्या खोलीतच आहे. लहानपणी मी विचारलं होतं, "माय, देवाले राग नाई येत का वं?" ती म्हणाली, "देवाले कापसाचं समजते."

शेजारचे बंडूकाका बाबांच्या लहानपणापासूनचे दोस्त. दर हंगामात ते कोनाड्यापाशी थांबतात, बिड्या ठेवतात, काडीपेटी ठेवतात आणि ओरडतात, "वहिनी, आता कपडे बी काढून ठेवू का?"

"ठेवा ना. त्यायले कोन चोरते?" माय आतून म्हणते.

हसणं होतं, पण कायदा मोडत नाही. कारण माय अल्लीपूरची, आणि ती लहान असताना तिच्या काकाच्या घरी कापूस पेटला होता. ती गोष्ट ती एकाच पद्धतीनं सांगते, शब्दही बदलत नाही. "धूर नाई, जाळ नाई. लेकरू भिंतीले लागून निजलं होतं. काकूनं हात लावला तं गरम. ताप आला म्हून उचललं, तं कडेवर ताप उतरला. ताप भिंतीले होता." मग पलीकडच्या खोलीतली कापसाची गंजी लोकांनी घाईघाईनं उसकटली. आत दबून धुमसणाऱ्या आगीला हवा मिळाली, आणि त्यानंतरचं सांगताना माय फक्त हाताचा पंजा उघडते. तेवढंच. तेव्हापासून कापसाच्या दिवसांत रोज दिवेलागणीला ती घरभर फिरते आणि भिंतींना तळवा लावून पाहते, जसं आपण पोराचं कपाळ पाहतो.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी आल्यागेल्याला सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आर्वीला एस.टी.नं जाऊन-येऊन बी.सी.ए. केलं, आणि आता गावात बसून गेम तपासण्याची नोकरी करते. गेम बाजारात यायच्या आधी तो खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, कंपनीला कळवायच्या. त्यासाठी ताकदवान गेमिंग कॉम्प्युटर लागतो. तो मी माझ्या कमाईतून घेतला, आणि त्याच्यासाठी स्लॅबची खोली बांधली. काचेच्या बाजूचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. घरात आला त्या दिवशी मायनं त्याच्यापुढे नारळ फोडला. बंडूकाका बराच वेळ दिवे पाहत उभे होते. म्हणाले, "पोरगी दिसभर खेळते आन पगार घेते. आमचं पोट्टं खेळे तं आमी लाथा घालो. चुकलंच आमचं."

त्या साली माकडांनी जुन्या खोलीवरचे कवेलू फोडले होते. बाबा माझ्या दारात येऊन उभे राहिले, आत न येता. "बाई, तुह्या खोलीत टाकू का कापूस? एवढीच खोली कोरडी हाय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बापाचं वर्षाचं पीक लेकीनं बांधलेल्या खोलीत. मी टेबल कोपऱ्यात सरकवलं, आणि कापूस येत गेला. आधी पायाशी, मग गुडघ्याशी, मग खिडकीच्या वर. शेवटी खुर्ची, टेबल आणि दारापर्यंतची एक पाऊलवाट एवढंच उरलं. कॅबिनेटची काचेची बाजू कापसात दबून गेली. आत तंतू जाऊ नयेत म्हणून मायनं त्याच्या डोक्यावर जुन्या पातळाची झाल घातली. मीही छान म्हटलं.

कापसाच्या खोलीत बसलेल्यालाच तिथली शांतता कळेल. कापूस आवाज पितो. अंगणात कोंबडा आरवला तर तो पार गावाबाहेर आरवल्यासारखा वाटतो. आपण बोललो तर शब्द ओठापुढे पडतो. अंगाला बारीक खाज सुटते, पापण्यांवर तंतू बसतात, आणि भर दुपारी खोलीत चांदणं पडल्यासारखा पांढरा उजेड असतो. मला ते आवडायचं. मी खरंच सांगते, तेव्हा ते मला फार आवडायचं.

एकदा माय संध्याकाळच्या फेरीत आली आणि दारातच किंचाळली, "अवं, आत जाळ दिसते!" कॅबिनेटचे लाल दिवे कापसातून झिरपत होते, आणि खरंच, पांढऱ्या गंजीच्या पोटात निखारा फुलल्यासारखं दिसत होतं. मी हसले. "माय, तो नुसता लाईट आहे." तिचं समाधान होईना, म्हणून मी लाल रंग बदलून निळा केला. निळा पाहून ती शांत झाली. मीही झाले. आज तो प्रसंग आठवला की हसू येत नाही.

त्या हंगामात माझ्याकडे भुताचा गेम होता. ओसाड बंगला, हातात कंदील, आणि जिन्यावर पाय ठेवला की आरशात एक बाई दिसते. पहिल्या दिवशी मी दचकले. नंतर कसली भीती? ती कधी येणार, कुठून येणार, मला पाठ. मी चहा पीत पीत तिची वाट पाहायची. मग एक दिवस जिन्यावर पाय ठेवला आणि ती आलीच नाही. आरसा रिकामा. मी वळले, परत चढले, पडद्यावरचं चित्र अडखळत अडखळत सरकलं, आणि मी विसरल्यावर, खूप उशिरा, ती अगदी चेहऱ्याशी आली. माझ्या हातातला चहा कापसावर सांडला. वेळेवर येणाऱ्या भुताची सवय होते. उशिरा येणाऱ्या भुताची होत नाही.

मी टास्क मॅनेजर उघडला. कॉम्प्युटरमध्ये काय काय चाललंय आणि कोण किती खातंय, ते तिथं दिसतं. मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली. मेमरी म्हणजे सैपाकाचा ओटा समजा. लागेल ते हाताशी मांडायची जागा. ओटा भरला की पोळी लाटायला जागा राहत नाही, मग एक भांडं खाली ठेवा, दुसरं वर घ्या, आणि जेवण रखडतं. मी ब्राउझरच्या खिडक्या बंद केल्या. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणारी बिनकामाची मंडळी काढून टाकली. व्हायरस शोधला, मिळाला नाही. रॅमची, म्हणजे त्या मेमरीच्या पट्टीची, तपासणी लावली, रॅम निर्दोष. तरी तासाभरात ओटा परत भरलेला.

टीमच्या प्रमुख स्नेहलताईंना फोन केला. त्या शहरातून बोलत होत्या. "अगं, तुझ्या मशीनवरच होतंय का बघ ना. बाकी कुणी अजून कळवलेलं नाहीये."

तुझ्या मशीनवरच. हे दोन शब्द माझ्या छातीत बसले. खेड्यातली मुलगी, खेड्यातलं मशीन, खेड्यातली वीज, असं त्या काही म्हणाल्या नाहीत, पण मी ऐकलं. मग मी हट्टाला पेटले. गेममधल्या एकाच खोलीत उभी राहिले, हललेच नाही, आणि आकडा पाहिला. आकडा स्थिर. बाहेर पडले, दुसऱ्या खोलीत गेले. वाढला. परत आले. आणखी वाढला. मी सोडून आलेली खोली गेम विसरतच नव्हता. प्रत्येक दाराआडचं सगळं सामान डोक्यावर घेऊन चालला होता. चूक गेमची होती, आणि ती मी पुराव्यासकट लिहून पाठवली. स्नेहलताईंचा फोन आला, "बरोबर होतं गं तुझं, बाकीच्यांकडेही निघालं." त्या दिवशी मी मायला बेसनाचे लाडू करायला लावले.

सुधारलेला गेम आला. मेमरी निम्म्यावर आली आणि तिथंच राहिली. मी जिन्यावर पाय ठेवला. आरसा रिकामा होता.

ती उशिराच आली.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आकडा चांगला आणि आजार तसाच. डॉक्टर म्हणतो रिपोर्ट नॉर्मल आहे, आणि माणूस तर डोळ्यांदेखत खंगतोय, तशातली भीती. त्याच सुमारास खोलीत एक वास यायला लागला. कडक इस्त्री सुती कापडावर जरा जास्त वेळ राहिली तर येतो तसा. मला वाटलं, शेजारी कुणाकडे पाहुणे यायचे असतील, इस्त्री चालली असेल. माय रोज भिंतींना हात लावत होती, भिंती गार होत्या. मी रोज मेमरी पाहत होते, मेमरी ठीक होती.

एका दुपारी जिन्याच्या मध्यावर कॉम्प्युटर आपला आपण बंद झाला. पडदा काळा. त्या काळ्या पडद्यात मला माझा चेहरा दिसला आणि मागे छतापर्यंत पांढरा कापूस. पंख्याची घरघर थांबली, तेव्हा समजलं की ती आतापर्यंत चालू होती. पंखा किती दिवस ओरडत होता कोण जाणे. कापसानं तो आवाज प्यायला होता.

मी प्लग काढला, झाल ओढून फेकली, आणि काचेच्या बाजूचा कापूस दोन्ही हातांनी उकरला. काच हाताला पोळली. ती उघडली तर आत गादीवाल्यानं पिंजून थापावी तशी एक पांढरी चादर. पंख्यानं खोलीतले तंतू ओढून ओढून स्वतःभोवती विणली होती. आतल्या मुख्य चिपला श्वास घ्यायला जागा नव्हती, म्हणून जीव वाचवायला ती हळू चालत होती. एका अंगात दोन आजार होते, आणि पहिला सापडल्यावर मी लाडू खाल्ले. खाली विजेचा डबा असतो, सगळ्या यंत्राला वीज वाटणारा. त्याच्या जाळीतून मी चिमट्यानं तंतू ओढला. आधी पांढरा आला. मग पिवळा. मग चहाच्या रंगाचा. शेवटचं टोक काळं होतं, आणि बोटात आल्यावर त्याची राख झाली.

काडीपेटी बाहेर, बिडी बाहेर, देवाचा दिवा बाहेर. आणि विस्तव आम्ही सगळ्यांनी मिळून गंजीच्या पोटात ठेवला होता, वरून पातळ पांघरून. त्याला ज्योत नव्हती म्हणून कुणाला तो विस्तव वाटलाच नाही.

बाबांना हाक मारली. माझ्या तळहातावरचा तो तंतू त्यांनी पाहिला, हुंगला. माय दारात उभी होती. तिनं भिंतीला तळवा लावला, मग दुसऱ्या भिंतीला, मग दाराच्या चौकटीला. बाबांनी बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत कापसात घातला. आमच्या तिघांचा श्वास त्या हाताच्या टोकाशी होता.

"गरम हाय," बाबा म्हणाले. मग हात तसाच ठेवून, "पन कापूस आतून गरम राह्यतेच." मग माझ्याकडे वळून, "बाई, तू सांग. आत आग हाय का नाई?"

ज्या दिवशी मी कॉलेजात नाव घातलं, त्या दिवसापासून या घरात कागद आला की माझ्याकडे येतो. मोबाइल अडला, मोटार अडली, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं, की माझ्याकडे. मी आजवर उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. बाबा विचारत होते ते त्याच विश्वासानं, लेक सांगेल म्हणून.

"मला माहीत नाही, बाबा."

आत ठिणगी गेली असेल आणि गंजी तशीच ठेवली, तर अल्लीपूर. आत ठिणगी असेल आणि गंजी उसकटली, हवा लागली, तरीही अल्लीपूर. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंना मायचा तो उघडणारा पंजा दिसला.

मायच बोलली. "काढा. पन फेकू नोका. लेकरू उचलता तसा उचला." घरचा मेन स्विच बंद केला. पोती भिजवून दारात टाकली, बादल्या भरल्या. खिडकी बंद ठेवली, वारा नको. आणि आम्ही ओटीत घेऊन घेऊन कापूस अंगणात न्यायला लागलो, थर मोडू न देता, वरून खाली. बंडूकाका आले. सवयीनं कोनाड्यापाशी थांबले, बिड्या ठेवल्या, आणि आमचे चेहरे पाहून म्हणाले, "काऊन? काय झालं गा?"

"आत जाळ असन का नाई, मालूम नाई," बाबा म्हणाले.

बंडूकाकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पसरला, आणि वाकले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी थट्टा केली नाही. मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली.

किडीनं डागाळलेला कापूस तांबूस असतो. कवडी म्हणतात त्याला. दर वर्षी गंजीत असतोच, दर वर्षी आम्ही तो निवडून बाजूला काढतो. त्या दुपारी प्रत्येक कवडीनं माझा जीव घेतला. पांढऱ्यात तांबडं दिसलं की हात गोठायचा. डाग आहे की निखारा? बोट लावायचं, गार निघाली की पुढची ओंजळ. वाळलेल्या पाल्याचा तुकडा कुरकुरला तरी आम्ही चौघंही थांबायचो. अंगणातून वाऱ्याची झुळूक आली तर माय दारात आडवी उभी राहायची, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून, जणू वारा तेवढ्यानं अडणार होता.

टेबलामागे, भिंतीच्या कडेला, एक पुंजका सापडला. मुठीएवढा, तंबाखूच्या रंगाचा, मधोमध काळा. तो उचलायला कुणी पुढे होईना. मायनं उचलला. डोळे मिटून मुठीत धरला.

"थंडा हाय."

तिनं तो बादलीत टाकला. आधी तरंगला, मग पाणी पिऊन बुडाला. तो विझला होता की नुसता भाजून राहिला होता, कधी विझला, आणखी किती वेळ होता आमच्याकडे, हे आम्हाला आजही माहीत नाही. तसा दुसरा सापडला नाही. पण न सापडणं म्हणजे नसणं असं मला त्या दिवसापासून कधी वाटलं नाही. बाबांनी केळझरच्या गणपतीला नारळ बोलला. कापूस उघड्या आभाळाखाली पडून राहिला, आणि मायनं तो कितीतरी दिवस घरात घेऊ दिला नाही. रोज ती त्या ढिगात हात घालून पाहायची. बाबा कंटाळून म्हणाले, "अवं, आता पुरे ना." ती म्हणाली, "तुमी नोते अल्लीपूरले."

कॉम्प्युटरचं काय करायचं, हे मायनंच ठरवलं. मी तो विकायला काढणार होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कायले? आगीची जागा चुलीपाशी. सैपाकाच्या खोलीत ठेव."

म्हणून कापसाचे दिवस आले की माझ्या नोकरीची सैपाकाच्या खोलीत बदली होते. एका कोपऱ्यात चूल आणि गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात टेबल. फोडणीचा ठसका माझ्या मीटिंगमध्ये जातो. स्नेहलताई विचारतात, "आज काय, वांगं का?" मी दर आठवड्याला काच उघडते, पंखे पुसते, मेमरीच्या शेजारी तापमानाचा आकडाही पाहते. आतले दिवे मी परत लाल केले आहेत. निळ्यावर माझा विश्वास नाही.

काल गाठोडी ओसरीत लागल्यावर आम्ही कॉम्प्युटर अंगण ओलांडून सैपाकाच्या खोलीत नेला, बाबांनी एका बाजूनं धरला, मी एका. संध्याकाळी माय फेरीला निघाली. घराच्या भिंती झाल्या. मग ती इकडे आली, ओला हात पदराला पुसला आणि कॅबिनेटच्या काचेवर तळवा ठेवला.

"याले आज किती हाय वं?"

मी आकडा वाचून सांगितला. तिनं मान हलवली, पातेलं उतरवायला गेली.

मी काम बंद केलं, प्लग काढला आणि अंगण ओलांडून स्लॅबच्या खोलीपाशी गेले. कोनाड्यात बंडूकाकांची काडीपेटी होती. आत बाबा पहिलं गाठोडं सोडून पसरत होते, काहीतरी गुणगुणत, आणि त्यांचा आवाज आत्ताच थोडा बारीक यायला लागला होता. मी बाहेरून भिंतीला हात लावला.

भिंत गार होती. मी हात काढला नाही.